फ्लॉरेन्समधली पाण्याची रेघ

इटलीहून परत आल्यापासून जो भेटतो तो पहिलं हेच विचारतो, डेव्हिड बघितला का. बघितला. तो पुतळा फोटोवरून अंदाजच येत नाही इतका मोठा आहे, सतरा फूट, आणि मायकेलअँजेलोने तो कोरायला घेतला १५०१ साली तेव्हा पोरगा सव्वीस वर्षांचा होता आणि दगड होता दुसऱ्यांनी आधी हात घालून अर्धवट सोडलेला, कितीतरी वर्षं उघड्यावर पडलेला. हे सगळं खरंय आणि त्याच्यासमोर उभं राहिल्यावर छातीत काहीतरी होतंच. पण मला लिहायचंय ते फ्लॉरेन्सच्या एका गल्लीतल्या भिंतीबद्दल, आणि आईबद्दल, आणि आजीच्या एका फोटोबद्दल.

आईला इटलीला न्यायचं हे ती बँकेतून रिटायर झाली तेव्हापासून ठरत होतं, मग बाबांचं आजारपण, मग कोविड, मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन असं होत होत शेवटी गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर निघालो. रोम, फ्लॉरेन्स, मिलान, सगळे मिळून दहा दिवस. चित्रांचं वेड माझं, गेली सात-आठ वर्षं रेनेसान्सबद्दल, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या इटलीतल्या त्या कलेच्या बहराबद्दल, मिळेल ते वाचतेय, व्हिडिओ बघतेय, सगळी तिकिटं आणि स्लॉट दोन महिने आधी बुक करून ठेवले होते. आईला त्यातलं फारसं काही माहीत नव्हतं, ती मला म्हणाली होती की मला समजावून सांगू नकोस, मी आपली बघते, मला काय दिसेल ते दिसेल. ही अट मी पाळली, निदान पाळायचा प्रयत्न तरी केला.

रोमचं पटकन सांगते. सिस्टीन चॅपल म्हणजे पोपचं प्रार्थनाघर, त्याचं छत मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ मध्ये रंगवलेलं, ते बघताना खाली एवढी गर्दी होती की मान वर करून चालताना आपण कुणाच्या पायावर पाय देतोय तेही कळत नव्हतं आणि दर पाच मिनिटांनी गार्ड ओरडून सगळ्यांना गप्प करत होते. आईला कडेच्या बाकावर जागा मिळाली आणि ती तिथून वीस मिनिटं हलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, रंग किती ताजे आहेत गं, पाचशे वर्षांचे वाटतच नाहीत. मग मी सांगितलं की १९८० नंतर चौदा वर्षं खपून त्यांनी छत आणि नंतर समोरची भिंत साफ केली, मेणबत्त्यांची काजळी आणि जुनी सरसाची पुटं काढली तेव्हा हे रंग दिसायला लागले. त्यावर तिने नुसतं हं केलं. हे हं मी लक्षात ठेवलं कारण ती काहीतरी मनात ठेवत असली की असंच करते.

फ्लॉरेन्सला पाच दिवस होते आणि ते पाचही मला कमी पडले. उफिझी म्हणजे मुळात कचेऱ्या, राज्यकारभाराच्या कचेऱ्यांसाठी १५६० मध्ये वासारी या चित्रकार-वास्तुकाराने बांधायला घेतलेली इमारत, आज ते चित्रांचं म्युझियम आहे, तिथे बोत्तिचेल्ली आहे, लिओनार्दो आहे, काय नाहीये. आई बोत्तिचेल्लीच्या वसंताच्या चित्रासमोर बराच वेळ थांबली, व्हीनसकडे तिचं लक्ष नव्हतं, ती गवतातली फुलं मोजत होती. त्या चित्रात शेकडो रोपं आहेत आणि खरी, ओळखता येतील अशी, वनस्पतिशास्त्रवाल्यांनी बसून ओळखलेली आहेत. आई बाल्कनीत चाळीस कुंड्या सांभाळते, त्यामुळे तिला हे चित्र लगेच आपलं वाटलं. इथे एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे सगळं आज फ्लॉरेन्समध्ये आहे ते मेदिची या इथल्या राज्यकर्त्या घराण्यातल्या शेवटच्या बाईमुळे. आना मारिया लुईझा तिचं नाव, मूलबाळ नव्हतं, राज्य दुसऱ्या घराण्याकडे जाणार हे नक्की झालं होतं, तेव्हा १७३७ मध्ये तिने करार करून घेतला की आमच्या घराण्याच्या संग्रहातलं काहीही या शहराबाहेर जाणार नाही. आपल्याकडे किती वाड्यांमधलं काय काय कुठे कुठे गेलं ते आठवलं की या बाईपुढे हात जोडावेसे वाटतात.

दुसऱ्या दिवशी सान मार्को. हा मठ आहे, १४४० च्या आसपास फ्रा अँजेलिकोने, तो स्वतः तिथलाच साधू, त्याने आणि त्याच्या मदतनिसांनी वरच्या मजल्यावरच्या चाळीसहून जास्त खोल्यांमध्ये एकेक चित्र भिंतीवर काढलं. जिना चढताना वरच्या टोकाला एकदम समोर देवदूत आणि मेरीचं चित्र येतं, आणि ते असं ठेवलंय की तुम्ही पायरी पायरी चढता तसतसं ते उगवतं. आई गुडघ्यामुळे एकेक पायरी थांबत थांबत चढत होती, कठड्याला धरून, मी मागे. मध्यावर आल्यावर ती मान वर करून थांबली आणि नंतर बाकीच्या पायऱ्या तिने चित्रावरची नजर न काढता चढल्या. ते चित्र असंच बघायचंय बहुतेक, हळूहळू, दमून.

खोल्या म्हणजे अगदी छोट्या, पुण्यातल्या जुन्या वाड्यातली बिऱ्हाडाची खोली असते ना त्याहूनही लहान, एक खिडकी आणि शेजारी भिंतीवर चित्र, बाकी काही नाही. एका साधूला जन्मभर एकच चित्र. सातव्या खोलीत ख्रिस्ताची विटंबना आहे, डोळ्यांवर पट्टी बांधलेला तो बसलाय आणि त्याच्याभोवती हवेत नुसते हात, मारणारे, काठी धरलेले, आणि थुंकणारं एक डोकं. धडं काढलेलीच नाहीत. सहाशे वर्षांपूर्वी एका साधूला हे सुचलं की अपमान करणाऱ्याचं सगळं शरीर दाखवायची गरज नाही, हात पुरे. आई दारात उभी राहून म्हणाली, डोळे बांधलेत म्हणून त्याला एवढंच कळतंय, हात आले. मला इतक्या वर्षांत, इतकं वाचूनही हे सुचलं नव्हतं.

मग नदीपलीकडे ब्रान्काची चॅपल. मासाच्चोची चित्रं. हा माणूस सत्तावीस वर्षांचाही जगला नाही, १४२८ मध्ये गेला, आणि त्याने जे काढून ठेवलं ते पुढे मायकेलअँजेलोसकट सगळे येऊन बघून शिकले. स्वर्गातून हाकलून दिलेले आदम आणि ईव्ह, ईव्हचं तोंड उघडं, ती रडतेय म्हणजे हंबरडाच फोडतेय, आणि आदमने दोन्ही हातांनी चेहरा झाकलाय. समोरच्या खांबावर तेच दोघे आधीचे, सुखातले, मासोलिनोने काढलेले, छान गोंडस, आणि दोन्ही एकापाठोपाठ बघितली की एकाच चॅपलमध्ये चित्रकला कुठून कुठे गेली ते आपोआप दिसतं. आत थोडाच वेळ थांबू देतात त्यामुळे मी घाईघाईत आईला एक गोष्ट दाखवली, तेवढी अट मोडली. भिंतीवर नीट बघितलं तर चित्राचे तुकडे दिसतात, शिवण असते तशा पुसट कडा. एकेक तुकडा म्हणजे एका दिवसाचं काम, त्याला ते जोर्नाता म्हणतात. फ्रेस्को म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंगवायचं, सकाळी आजच्या दिवसाला पुरेल तेवढाच ताजा गिलावा लावायचा आणि तो वाळायच्या आत पाण्यात कालवलेले रंग भरायचे. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि परत दगड होतो आणि रंग त्या दगडात अडकतो, वर चिकटलेला नसतो, भिंतीचाच भाग होतो. उशीर झाला की संपलं, उरलेला गिलावा खरवडायचा आणि उद्या नवा. ते रडणारे आदम ईव्ह चार दिवसांचे आहेत, फक्त चार.

आईला हे एका झटक्यात कळलं कारण तिने लहानपणी नारायण पेठेत शेजारच्या वाड्याची दुरुस्ती होताना चुन्याची घाणी फिरताना बघितलीय, कळीचा चुना हौदात विझवायला टाकला की कसा खदखदायचा आणि मुलांना तिथे फिरकू द्यायचे नाहीत. ती म्हणाली, आमचे गवंडी म्हणायचे की चुन्याचा गिलावा वर्षागणिक घट्ट होतो. म्हणजे नाना वाड्यात, मेणवलीच्या वाड्यात जी भिंतीवरची चित्रं उरलीयेत ती बघताना आपण फक्त चित्र बघतो, भिंत कुणी बघत नाही. मी तरी कधी बघितली नव्हती.

आता ती गल्ली. सांता क्रोचे हे मोठं चर्च, मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ तिथेच पुरलेत, तिकडे आम्ही चौथ्या दिवशी चालत चाललो होतो, मोबाईलवर रस्ता बघत, आणि व्हिया सान रेमिजो नावाच्या एका अरुंद गल्लीच्या कोपऱ्यावर आई थांबली. मला वाटलं गुडघा. ती वर बघत होती. भिंतीवर दोन पाट्या, आपल्या डोक्याच्या खूप वर, एकावर एक. खालची दगडी, जुनी, तिच्यावर लाटा कोरलेल्या आणि एक हात, त्या हाताचं बोट पाण्याच्या रेघेकडे. वरच्या पाटीवर सरळ एक रेघ आणि तारीख. इटालियन तिला येत नाही, मलाही कामापुरतंच येतं. पण तिने मला विचारलं,

"इथवर आलं होतं का गं पाणी?"

इथवर आलं होतं. खालची पाटी ४ नोव्हेंबर १३३३ च्या पुराची, वरची ४ नोव्हेंबर १९६६ ची, तीच तारीख, सहाशे तेहतीस वर्षांनी. आर्नो नदी पहाटे शहरात घुसली, सांता क्रोचेचा भाग सगळ्यात सखल, काही ठिकाणी पाणी सहा मीटरच्या वर चढलं होतं, आणि थंडी सुरू होत होती म्हणून घराघरात हीटिंगच्या तेलाच्या टाक्या नुकत्याच भरलेल्या, ते सगळं तेल पाण्यात मिसळलं आणि भिंतींवर काळा पट्टा राहिला. आई ऐकत होती आणि तिचा हात आपोआप वर गेला होता, त्या रेघेकडे, पोचणार नव्हताच.

१२ जुलै १९६१. पुण्यातल्या कुणालाही ही तारीख वेगळी सांगायला नको. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये घुसलं. आई आठ वर्षांची होती. आजोबांचं बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर, खाली दोन खोल्या. आजीने आईला आणि मामाला हाताला धरून शुक्रवार पेठेत नातेवाईकांकडे नेलं, अंगावरच्या कपड्यांनिशी, आजोबा मागून आले ते कमरेपर्यंत भिजून. दोन दिवसांनी परत गेले तेव्हा आत चिखल, आणि भिंतीवर वर, तुळईच्या थोडं खाली, एक तपकिरी रेघ. आई मला कितीदा सांगायची की घर पुढे कितीदा रंगवलं तरी पावसाळ्यात ओल धरली की ती रेघ परत उमटायची. तो वाडा पाडून बिल्डिंग झाली त्याला आता पंचवीस वर्षं झाली. रेघ गेली. आणि इथे, परक्या गावात, कुणीतरी दगडात कोरून ठेवलेली.

आम्ही तिथे किती वेळ उभ्या होतो कोण जाणे, एक सायकलवाला बेल वाजवत शेजारून गेला तेव्हा भानावर आलो.

सांता क्रोचेत मला खरं तर जोत्तो या जुन्या चित्रकाराचं काम बघायचं होतं, ते बघितलं, सुंदर आहे, पण आई आता फक्त पाण्याबद्दल विचारत होती. म्हणून मग आम्ही चिमाबुए नावाच्या चित्रकाराचा क्रूस शोधला. हा रेनेसान्सच्याही आधीचा, तेराव्या शतकातला, साडेचार मीटर उंच लाकडी क्रूस, त्याच्यावर रंगवलेला ख्रिस्त, ताठ न राहता वाकलेला, खरंच वजन असलेला, जोत्तो आणि मासाच्चोची वाट जिथून सुरू होते ना त्या जागचा. पुरात तो पाण्याखाली गेला. लाकूड फुगलं आणि साधारण साठ टक्के रंग सुटून गेला. चेहऱ्याचा बराचसा भाग, छाती, पोट, गेलेलं.

पुढे जे केलं ते मी वाचलेलं होतं तरी बघितल्यावरच कळलं. दहा वर्षं त्याच्यावर काम चाललं, बाल्दिनी आणि कासाझ्झा असे दोघे मुख्य, आणि त्यांनी ठरवलं की जिथला रंग गेलाय तिथे चिमाबुए असल्यासारखं चित्र काढायचं नाही. त्या जागी त्यांनी बारीक बारीक रेघा भरल्या, उरलेल्या रंगांवरून बेतलेल्या, एकमेकींत विणल्यासारख्या. लांबून बघितलं तर डोळा अडखळत नाही, अख्खा क्रूस दिसतो. जवळ गेलं की स्पष्ट कळतं हे मूळचं आणि हे गेलेलं. काहींना हे आवडलेलं नाही, रेघांनी लक्ष विचलित होतं असं म्हणतात, पण मला ते फार प्रामाणिक वाटलं.

मला अजिंठा आठवला. १९२० च्या सुमाराला निजामाच्या सरकारने दोन इटालियन तज्ज्ञ बोलावून घेतले होते, चेक्कोनी आणि ओर्सिनी, त्यांनी सुटत चाललेला गिलावा पक्का करून चित्रं धरून ठेवली ही केवढी मोठी गोष्ट, पण वरून शेलॅक म्हणजे लाखेचा थर दिला आणि तो वर्षांनुवर्षं पिवळा पडत गेला. शाळेच्या सहलीत बघितलेली ती पिवळसर काळपट चित्रं मला वाटायची तशीच आहेत. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, त्या काळात जे उत्तम समजत होते ते त्यांनी केलं.

आई सॅक्रिस्टीत, म्हणजे तो क्रूस ठेवलाय त्या चर्चच्या आतल्या खोलीत, खुर्चीवर बसली होती आणि क्रूसाकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "आईचा फोटो असाच करायला हवा होता."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो, एकुलता एक, भिंतीवर काचेत लावलेला, तोही पुरात बुडाला. फोटोच्या कागदावरचा थर जिलेटिनचा असतो, पाण्यात फुगतो आणि सरकतो. आजीचा चेहरा त्याच्याबरोबर गेला. काही वर्षांनी आजोबांनी हौसेने एका स्टुडिओत तो रिटच करायला दिला, त्या माणसाने एक कॉपी काढून तिच्यावर ब्रशने नवीन चेहरा रंगवून दिला, नाकीडोळी नीटस, कुंकू, नथ, सगळं. आजीने बघितला आणि म्हणाली, ही कोण? त्यानंतर तो कधी भिंतीवर लागला नाही. आजोबांना फार लागलं होतं म्हणे, आणि आजी बोलून गेली याचं आजीला त्याहून जास्त.

शेजारच्या जुन्या भोजनगृहात वासारीचं लास्ट सपर, म्हणजे ख्रिस्ताच्या शिष्यांबरोबरच्या शेवटच्या जेवणाचं चित्र आहे, १५४६ चं, पाच मोठ्या लाकडी फळ्यांवर रंगवलेलं. बारा तासांहून जास्त वेळ ते पाण्याखाली होतं. रंग गळून पडू नये म्हणून त्याच्यावर कागद चिकटवला आणि ते ठेवून दिलं, कारण त्या वेळी ते कसं दुरुस्त करायचं हेच कुणाला येत नव्हतं. चाळीस वर्षं थांबले. मग तंत्र आलं, फळ्या सरळ केल्या, कागद काढला, आणि ४ नोव्हेंबर २०१६ ला, बरोबर पन्नास वर्षांनी, ते चित्र परत लावलं. आणि आता त्याला कप्पी लावलीय, पुराची सूचना आली की अख्खं चित्र वर उचलता येतं. आईने ती वर उचलायची सोय कुठे आहे ते दोनदा नीट बघून घेतलं. पुरानंतर जगभरातून पोरं आली होती, कॉलेजची, रांगेत उभं राहून हातोहात चिखलातून पुस्तकं आणि चित्रं बाहेर काढली, त्यांना तिकडे चिखलातले देवदूत म्हणतात. पुण्यातही पानशेतच्या वेळी शाळा-कॉलेजची मुलं घराघरातला चिखल उपसत होती, आई सांगते की कोण कुठली दोन मुलं येऊन त्यांच्या खोलीतून फावड्याने चिखल काढून गेली, नावंही विचारायची राहिली.

मिलानला लिओनार्दोचं लास्ट सपर बघितलं, पंधरा मिनिटं देतात. त्याला सावकाश काम करायचं होतं, ओल्या गिलाव्याची घाई नको होती, म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर रंगवलं आणि काही वर्षांतच ते सुटायला लागलं. १९४३ मध्ये बाजूला बॉम्ब पडला, छत गेलं, वाळूची पोती लावून ठेवली होती म्हणून ही भिंत राहिली. १९७८ ते १९९९ एकवीस वर्षं पिनिन ब्राम्बिल्ला या बाईंनी त्याच्यावर काम केलं, नंतरच्या लोकांनी चढवलेले रंग काढत काढत, आणि जिथे लिओनार्दोचं काहीच उरलं नाही तिथे फिकट जलरंगाने फक्त जागा भरून. आईने विचारलं, एकवीस वर्षं एकच चित्र? मी हो म्हटलं. परत तेच हं.

पुण्यात आल्यावर जेटलॅग उतरायच्या आत तिने माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता, रिटच केलेला नाही, मूळचा. मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. कडा तपकिरी, आजोबा बऱ्यापैकी दिसतात, टोपी, उपरणं, एक कान गेलाय. आजीच्या चेहऱ्याच्या जागी पांढुरका ओघळ, पाणी उतरतं तसा खाली गेलेला. आणि ओघळाच्या खाली मांडीवर तिचे दोन्ही हात, एकात एक धरलेले, अगदी स्पष्ट, बांगड्या मोजता येतील इतके.

आईने बांगड्या मोजल्या. मग म्हणाली, हे हात तिचेच. उद्या लक्ष्मी रोडला जाऊन काच लावून आणू, काचवाल्याला सांग, कशाला हात लावू नकोस.